नवं बेअरिंग पुन्हा पुन्हा का जातं? क्रँकशाफ्टची पारख कशी करायची

लक्षणं ठरलेली असतात. इंजिन पूर्ण उघडून बांधलं, रॉड-पिस्टन ताकदीचे घातले, बेअरिंगचा सेट कोरा. सुरुवातीचे काही शे किलोमीटर सगळं ठीक चालतं. मग गरम इंजिनचं आयडलवरचं ऑइल प्रेशर उतरायला लागतं, भार पडला की खालून ठक-ठक ऐकू येते आणि संप (खालचं ऑइलचं भांडं) उघडला की तळाशी चकचकीत कण सापडतात. बेअरिंग बदललं, ऑइल जाड केलं, पंप नवा घातला, तरी थोड्याच दिवसांत पुन्हा तेच, आणि बहुधा त्याच जागी.

‘त्याच जागी’ याकडे नीट लक्ष द्या. ऑइल पातळ झालं किंवा पंपाने हवा ओढली तर एकापेक्षा जास्त बेअरिंगं मार खातात. एकच पिन (क्रँकवर रॉड जिथे बसतो ती जागा) किंवा एकच मेन (क्रँक ब्लॉकमध्ये जिथे टेकून फिरतो ती जागा) वारंवार जात असेल तर दोष त्या जागच्या जर्नलमध्ये (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या गोल भागात), रॉडमध्ये किंवा ब्लॉकच्या होलमध्ये आहे. या तिघांपैकी जर्नलच सगळ्यात कमी तपासलं जातं. ‘ग्राइंड झालाय, पॉइंट पंचवीस अंडरसाइज’ (म्हणजे घासून ०.२५ मिमी बारीक केलेला) एवढ्या तोंडी शब्दावर शाफ्ट इंजिनात जातो.

जुने शेल फेकू नका

उघडताना प्रत्येक शेलच्या (बेअरिंगच्या अर्ध्या वाटीच्या) पाठीवर मार्करने नंबर घाला: कितवा मेन, कितवा रॉड, वरचा की खालचा, पुढची कड कुठली. स्वच्छ कापडावर क्रमाने मांडा आणि चांगल्या उजेडात तिरके धरून बघा. इंजिनची निम्मी हकिगत इथे लिहिलेली असते.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. स्फोटाचा धक्का मेनच्या खालच्या शेलवर आणि रॉडच्या वरच्या शेलवर येतो, त्यामुळे तिथली झीज थोडी जास्त दिसणं स्वाभाविक आहे. शोधायची ती याहून वेगळी खूण.

मधलं मेन गेलं असेल तर प्रश्न एकच असतो: क्रँक वाकलाय की ब्लॉकची होलं एका रेषेत नाहीत? उत्तर शेल आणि जर्नल शेजारी ठेवून मिळतं. वाकलेल्या क्रँकचा फुगवटा क्रँकसोबत फिरतो. त्यामुळे तो वरचा आणि खालचा दोन्ही शेल सगळीकडून घासतो, पण जर्नलवर चकाकी एकाच बाजूला येते. ब्लॉकचं होल सरकलेलं असेल तर उलट: शेल एकाच बाजूला घासलेला आणि जर्नल मात्र गोल सगळीकडून सारखं चकचकीत. दुसऱ्या प्रकारात कितीही चांगला क्रँक आणला तरी बेअरिंग जाणारच, तिथे लाइन बोअरिंग किंवा लाइन होनिंग (सगळी होलं एका रेषेत पुन्हा कापून घेणं) लागतं. मूळ मेन बोल्ट काढून स्टड लावले असतील तर याची शक्यता आणखी वाढते, कारण आवळण्याची ताकद बदलली की होलाचा आकारही बदलतो.

रॉडच्या शेलवर वरच्यात एक कड आणि खालच्यात त्याच्या विरुद्ध बाजूची कड घासली असेल तर रॉड वाकलेला आहे. दोन्ही शेलवर एकाच बाजूची कड गेली असेल तर जर्नलला टेपर आहे, म्हणजे ते एका टोकाकडे निमुळतं आहे. शेलच्या रुंदीच्या मध्यावर पट्टा असेल तर जर्नल पिंपासारखं मध्ये फुगलंय. दोन्ही कडा घासल्या आणि मध्य कोरा असेल तर जर्नल डमरूसारखं मध्ये खोल गेलंय. त्यातही कडा अगदी टोकाला दुमडल्यासारख्या दिसत असतील आणि क्रँकच्या फिलेटमध्ये (जर्नलच्या टोकाच्या गोलाईत) बारीक चमकदार रेघ असेल तर शेल फिलेटवर चढतोय. गोल फिरलेले ओरखडे आणि मऊ धातूत रुतलेले काळे कण म्हणजे घाण, आणि ती बहुतेक वेळा क्रँकच्याच ऑइल गॅलरीतून (आतल्या ऑइलच्या वाटेतून) आलेली असते.

कास्ट, फोर्ज की बिलेट

पारखीची सुरुवात धातूपासून. दोन वेबच्या (जर्नलांना जोडणाऱ्या भुजांच्या) कडेवर साच्याच्या जोडाची खूण शोधा. बारीक, धारदार, एक-दोन मिलिमीटरची रेघ असेल तर क्रँक कास्ट (ओतलेला). रुंद, ग्राइंडरने छाटल्यासारखी पट्टी असेल तर फोर्ज (दाबून घडवलेला). जोडाची खूणच नाही आणि सगळीकडे मशीनिंगच्या रेषा आहेत, तर बिलेट (अख्ख्या ठोकळ्यातून कापलेला) असू शकतो. पण फोर्ज क्रँक पूर्ण मशीन करूनही तसाच दिसतो, म्हणून नुसत्या दिसण्यावर बिलेटचे पैसे मोजू नका. क्रँक दोरीवर लटकवून छोट्या हातोडीने वेबवर टोला दिला तर स्टील घंटेसारखं बराच वेळ घुमतं, कास्ट लवकर बसतं. भेग असलेलं स्टीलही बसकंच वाजतं, त्यामुळे हा आवाज पहिला इशारा म्हणून घ्या, निकाल म्हणून नाही.

नोड्युलर कास्ट (गोल ग्राफाइट दाण्यांच्या बिडाचा) क्रँक वाईट नसतो. मूळ ताकदीच्या आसपास, मर्यादित आरपीएमला तो वर्षानुवर्षं चालतो. टर्बोचा दाब वाढवला किंवा आरपीएमची मर्यादा वर नेली की फोर्ज स्टील हवं. या कामात ४३४० (निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमचं स्टील), ब्रिटिश पद्धतीत त्याच्या जवळचं ईएन २४, आणि नायट्रायडिंगसाठीच (नायट्रोजनने पृष्ठभाग कडक करण्यासाठी) बनवलेलं ईएन ४०बी ही नावं नेहमी येतात. वेबवर ४३४० कोरलंय म्हणजे आत ४३४० आहे असं धरू नका. स्पेक्ट्रोमीटरवर काउंटरवेटच्या (वेबवरच्या तोलाच्या वजनाच्या) बिनमहत्त्वाच्या जागी एक ठिणगी पाडली की क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनमचं प्रमाण कळतं. ४३४० मध्ये निकेल साधारण १.६५ ते २ टक्के असतं. निकेल जवळपास शून्य दिसलं तर ते ४३४० नाही, मग नाव काहीही असो.

धातूइतकाच महत्त्वाचा त्यावरचा कडक थर. इंडक्शन हार्डनिंग (विजेने तापवून कडक करणं) दोन मिलिमीटर किंवा जास्त खोल जातं, म्हणून ०.२५ किंवा ०.५० मिमी अंडरसाइज घासल्यावरही जर्नल कडक राहतं. गॅस नायट्रायडिंगचा थर ०.३ ते ०.५ मिमीचा असतो आणि खरा कडकपणा त्याच्या वरच्या भागात. ०.२५ अंडरसाइज म्हणजे प्रत्येक बाजूने ०.१२५ मिमी गेलं, म्हणजे उरलेला थर पातळ आणि मऊ. टफट्राइड (वितळलेल्या मिठात नायट्राइड) केलेल्या क्रँकचा वरचा कडक थर तर १०–२० मायक्रॉनचाच असतो, तो पहिल्याच ग्राइंडिंगला पूर्ण जातो. ग्राइंडिंगनंतर पुन्हा नायट्राइड न केलेला क्रँक नवीन बेअरिंगवर चालतो, पण लवकर झिजतो आणि फिलेटपाशी थकतो. हे काम पुन्हा करून घेतलंत तर भट्टीतून आल्यावर सरळपणा परत तपासा. ५०० अंशांच्या वर तापलेला शाफ्ट किंचित वाकू शकतो.

स्ट्रोकर (स्ट्रोक वाढवणारा) क्रँक घेणाऱ्यांनी एक हिशेब करावा. मेनची त्रिज्या अधिक पिनची त्रिज्या वजा थ्रो (स्ट्रोकचा निम्मा), म्हणजे जर्नलांचा ओव्हरलॅप. मेन ५५ मिमी, पिन ४८ मिमी, स्ट्रोक ८६ मिमी असेल तर २७.५ + २४ − ४३ = ८.५ मिमी. स्ट्रोक ९४ केला की तोच ४.५ मिमीवर येतो. ओव्हरलॅप जवळपास निम्म्यावर आला. अशा क्रँकला धातू, फिलेट आणि डॅम्पर (पुढच्या टोकाची, कंपनं शोषणारी पुली) यांत तडजोड चालत नाही.

भेगा: मोजमापाच्या आधी

क्रँक मोजून, घासून, बॅलन्स करून झाल्यावर भेग सापडली तर सगळी मेहनत वाया जाते. म्हणून क्रम असा ठेवा: गॅलरीचे प्लग काढून धुणं, मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने भेगा दाखवणारी तपासणी), सरळपणा, मग माप.

मॅग्नाफ्लक्स दोन दिशांनी व्हायला हवं. शाफ्टमधून करंट सोडून लांबीच्या दिशेच्या भेगा दिसतात, कॉइलमधून आडव्या. आडव्या भेगाच क्रँक तोडतात, आणि एकाच दिशेने तपासलेला क्रँक ‘पास’ म्हणून हातात येऊ शकतो. अतिनील दिव्याखाली द्रव ओघळू द्या आणि फिलेट, ऑइल होलची कड, स्नाउटचा (पुढच्या टोकाचा) चावीगाळा आणि फ्लायव्हीलकडचा फ्लँज सावकाश बघा. फिलेटमध्ये जर्नलभोवती जाणारी हिरवी रेघ दिसली, मग ती चार मिलिमीटरची असली तरी, तो क्रँक भंगार. वेल्डिंग करून परफॉर्मन्स इंजिनात घालायचा विचार करू नका. जर्नलच्या पृष्ठभागावर लांबीच्या दिशेने केसांसारख्या आखूड भेगांचा झुपका असेल तर त्या उष्णतेच्या आहेत: बेअरिंग फिरलं तेव्हाच्या किंवा ग्राइंडिंगमध्ये जळाल्याच्या. उथळ असतील तर पुढच्या अंडरसाइजमध्ये निघतात. घासून झाल्यावर पुन्हा तपासणी हवीच. शेवटी क्रँक डीमॅग्नेटाइझ करून घ्या. टाचणी चिकटत असेल तर तो इंजिनातला प्रत्येक लोखंडी कण जर्नलवर गोळा करेल.

पुढच्या टोकाकडे भेग सापडली तर डॅम्परकडे बघा. पिळाची कंपनं पुढच्या टोकाला सर्वात मोठी असतात. डॅम्परचं रबर कडक झालेलं असेल, बाहेरची रिंग सरकलेली असेल किंवा त्याच्या जागी हलकी अॅल्युमिनियम पुली बसवली असेल, तर नवा क्रँकही तिथेच तुटेल.

सरळपणा

व्ही ब्लॉक नसतील तर ब्लॉकच वापरा. फक्त पहिल्या आणि शेवटच्या मेनचे वरचे शेल बसवा, मधले काढून ठेवा, तेल लावून क्रँक ठेवा आणि डायल गेज मधल्या मेनवर लावा. टोक ऑइल होलवर किंवा घासलेल्या पट्ट्यावर येऊ देऊ नका. सावकाश पूर्ण फेरा फिरवा. परफॉर्मन्स इंजिनला एकूण वाचन ०.०२५ मिमीच्या आत हवं. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये ०.०५ पर्यंत सूट सापडते, पण ती रोजच्या वापराच्या इंजिनसाठी समजा. जर्नल ओव्हल असेल तर तेही या वाचनात मिसळतं, म्हणून पुढचं माप झाल्यावर हा आकडा परत तपासा.

वाकलेला क्रँक प्रेसखाली सरळ करण्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: नायट्राइड केलेला असेल तर हात लावू नका, कडक थराला भेगा जातात. कास्ट असेल तर तो तुटतो किंवा काही तासांत परत वाकतो. आणि क्रँक उभा ठेवा. 

माप

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. ०.००१ मिमी वाचणारा मायक्रोमीटर, मास्टरने (ठरलेल्या मापाच्या तुकड्याने) शून्य केलेला. क्रँक, शेल, रॉड आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवा. स्टील प्रत्येक अंशाला मीटरमागे सुमारे ११.५ मायक्रॉन फुगतं. ५० मिमीचं जर्नल मायक्रोमीटरपेक्षा १० अंश गरम असेल तर जवळपास ६ मायक्रॉन जास्त दाखवेल. आपण ज्या चुका शोधतोय त्या एवढ्याच असतात.

प्रत्येक जर्नल लांबीत तीन जागी मोजा: दोन्ही फिलेटपासून ५-६ मिमी आत आणि मध्ये. प्रत्येक जागी निदान दोन दिशा, ९० अंशांवर. शक्य असेल तर चार. म्हणजे एका जर्नलची सहा ते बारा वाचनं. कागदावर लिहा, डोक्यात ठेवू नका. ओव्हलपणा आणि टेपर दोन्ही ०.००५ मिमीच्या आत हवेत. डमरूपणा अजिबात नको. दोन-तीन मायक्रॉनचा फुगवटा एक वेळ चालतो.

शेलचं आतलं माप रॉड किंवा कॅप शेवटच्या टॉर्कवर, त्याच बोल्टने, त्याच वंगणाने आवळून डायल बोअर गेजने घ्या. सांध्याला काटकोनात, म्हणजे उभं. शेल सांध्याजवळ मुद्दाम पातळ केलेला असतो, तिथे मोजलं तर क्लिअरन्स (जर्नल आणि शेलमधली फट) खोटं जास्त दिसतं आणि माणूस बेफिकीर राहतो.

परफॉर्मन्स कामात क्लिअरन्ससाठी पिनच्या व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरला ०.००१ मिमी आणि वर ०.०१२ हा जुना, विश्वासाचा अंदाज. ५० मिमी पिनला ०.०६२ मिमी. इंजिन बनवणाऱ्याचा किंवा बेअरिंग कंपनीचा त्या इंजिनसाठी वेगळा आकडा असेल तर तोच धरा, आणि ऑइलची जाडीही त्याला जुळती ठेवा. आता समजा शेल आतून ५०.०६२ आणि पिन एका दिशेने ५०.०००, काटकोनात ४९.९८६ भरली. सरासरी काढून ‘०.०६९, चालेल’ म्हणणं ही नेहमीची चूक. ऑइलचा थर सरासरीवर तरंगत नाही. भार जिथे कमाल असतो तिथे तो एक-दोन मायक्रॉनवर येतो आणि १४ मायक्रॉन ओव्हल असलेल्या पिनवर तो धरून राहत नाही. ही पिन पुढच्या अंडरसाइजला न्यायला हवी.

प्लास्टिगेज (चेपून क्लिअरन्स दाखवणारी प्लास्टिकची पट्टी) फेरतपासणीसाठी ठीक आहे. पट्टी एका टोकाला रुंद, दुसऱ्याला अरुंद चेपली तर टेपर उघड दिसतो. ओव्हलपणा मात्र तिच्यात सापडत नाही, म्हणून मायक्रोमीटरला तो पर्याय नाही.

घासाई, फिलेट आणि ऑइल होल

ग्राइंडिंगला देताना अंडरसाइजबरोबर फिलेटची त्रिज्याही लिहून द्या आणि परत आल्यावर रेडियस गेजने तपासा. त्रिज्या लहान झाली तर तिथे ताण एकवटून क्रँक तुटतो. मोठी झाली तर शेल कडेवर चढतो. मोठी फिलेट ताकदीला चांगलीच, पण मग कडेला जास्त चॅम्फर (तिरकी छाटलेली कड) असलेलेच शेल घ्या. मूळ क्रँकच्या फिलेट रोल केलेल्या (रोलरने दाबून मजबूत केलेल्या) असतील आणि ग्राइंडिंगचं चाक त्यांना लागलं तर रोलिंगने आणलेली ताकद गेली. पुन्हा रोल करून घ्यावी लागते.

चाकाने जाळलेलं जर्नल डोळ्यांना सुंदर दिसतं. शंका असेल तर नायटलने, म्हणजे अल्कोहोलमधल्या सौम्य नायट्रिक आम्लाने, तपासून देणाऱ्याकडेच करून घ्या: मऊ पडलेली जागा काळपट आणि पुन्हा कडक झालेली पांढुरकी उमटते.

पृष्ठभाग ०.२ मायक्रॉन आरए (खडबडीतपणाचं सरासरी माप) किंवा त्याहून गुळगुळीत, थ्रस्टचा (क्रँकचं पुढे-मागे सरकणं रोखणारा) चेहरा ०.४ पर्यंत. यंत्र नसेल तर तांब्याचा तुकडा जर्नलवर लांबीच्या दिशेने घासा. तांब्याची रेघ राहिली तर पॉलिश अपुरी आहे. नोड्युलर क्रँकवर घासाईने ग्राफाइटच्या दाण्यांभोवती बारीक बर (धारदार कडा) उभे राहतात. शेवटच्या पॉलिशमध्ये पट्टा जर्नलवरून त्याच दिशेने जायला हवा, ज्या दिशेने इंजिनात बेअरिंग जाणार आहे. तसं झालं की उरलेले बर मागे झोपतात. उलट झालं तर ते कानशीसारखे शेल कापतात आणि हजारेक किलोमीटरमध्ये ओव्हरले (शेलवरचा मऊ थर) नाहीसा होतो. पॉलिशमध्ये दोन ते पाच मायक्रॉनच जावेत. तासभर पट्टा धरून माप आणणाऱ्याने जर्नल डमरू केलंय असं समजा.

ऑइल होलची कड बोट फिरवून बघा. छोटा, गुळगुळीत चॅम्फर हवा. धारदार कड शेल खरवडते आणि भेगही तिथूनच सुरू होते.

बॅलन्स

बेअरिंग जाण्यामागे बॅलन्सचा हात लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी असतो, तरी आरपीएम वाढवलं असेल तर दुर्लक्ष करू नका. १० ग्रॅम-सेंटिमीटरचा असमतोल ६००० आरपीएमला सुमारे ४० न्यूटन जोर देतो, ९००० ला जवळपास ९०. क्रॉस-प्लेन ९० अंशी व्ही८ ला बॉबवेट (रॉड-पिस्टनऐवजी पिनवर लावायची वजनं) लागतात: फिरणारं वजन पूर्ण, वर-खाली जाणारं निम्मं. इनलाइन चार आणि सहा सिलिंडरला लागत नाहीत. टंगस्टनचे तुकडे घालावे लागले तर भोक शाफ्टच्या अक्षाला समांतर हवं, म्हणजे फिरताना तुकडा बाहेर पडायला वाव राहत नाही.

बसवताना

शेवटची धुलाई बॅलन्सनंतर, कारण ड्रिलचा भुगा तेव्हाच होतो. प्लग उघडे ठेवून प्रत्येक गॅलरीत ब्रश घाला, साबणाचं गरम पाणी, मग हवा, मग तेलात भिजवलेलं पांढरं कापड. कापड करडं निघालं तर पुन्हा पहिल्यापासून.

सगळे मेन तेल लावून एकेक कॅप टॉर्कवर आवळा आणि प्रत्येक कॅपनंतर क्रँक हाताने फिरवा. ज्या कॅपला तो जड झाला ती कॅप सोडा आणि त्या जागेचं होल, शेलची बसण, क्रँकचा रनआउट (डायल गेजवरचा सरळपणाचा आकडा) पुन्हा बघा. एंड प्ले (क्रँकची पुढे-मागे सैलता) बहुतेक इंजिनांत ०.१० ते ०.२० मिमीच्या आसपास असतो. थ्रस्ट आवळण्याआधी क्रँक पुढे-मागे हलकेच ठोकून दोन्ही अर्ध्या वॉशर एका पातळीत आणा. पहिला स्टार्ट देण्याआधी स्पार्क प्लग काढून, इंधन बंद ठेवून गेजवर प्रेशर येईपर्यंत फिरवा.

पहिलं ऑइल लवकर बदला आणि फिल्टर फेकण्याआधी कापा. कागद उलगडून पांढऱ्या थाळीवर दाबून पिळा, मग पिशवीत घातलेला चुंबक त्यावरून फिरवा. चुंबकाला न लागणाऱ्या चकचकीत पापुद्र्या शेलच्या असतात. चुंबकाला लागणारी बारीक सुई गॅलरीत राहिलेला ग्राइंडिंगचा किंवा ड्रिलचा भुगा दाखवते, आणि तसं निघालं तर प्रेशर ठीक दिसत असलं तरी संप उतरवून तेच एक बेअरिंग, जे आधी दोनदा गेलं होतं, उघडून बघा.